रान आणि रकाना

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने तुम्ही कधी गेला असाल, तर यवत आणि केडगाव मागे पडल्यावर एकदा खिडकीबाहेर नजर टाका. कालव्याचे पाणी जिथवर पोहोचले आहे तिथवर ऊस उभा असतो, हिरवागार. पाणी संपले की माळ सुरू होतो. कुसळी गवत, मधूनच एखादी बाभूळ, हिवराचे झुडूप, तरवडाची पिवळी फुले आणि दूरवर मेंढ्यांचा कळप. भीमा ओलांडून उत्तरेला शिरूर तालुक्यात शिरलात, तरी न्हावरे-निमोण्याच्या बाजूला हेच चित्र. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही लहरी.

आता मी तुम्हांला एक साधा प्रश्न विचारतो. हे जंगल आहे काय?

तुम्ही हसाल. म्हणाल, जंगल पाहायचे तर भीमाशंकरला जा, ताम्हिणीला जा. इथे कसले जंगल? पण थांबा. हाच प्रश्न चार ठिकाणी विचारून पाहू. गावचा तलाठी सांगेल, "कागद पाहावा लागेल. काही गट गायरानाचे आहेत, काही वनखात्याचे." वनरक्षक सांगेल, "या दगडापासून त्या ओढ्यापर्यंत आमचं राखीव वन. पलीकडचं नाही." उपग्रहाच्या चित्रांवरून देशाची जंगले मोजणारा डेहराडूनचा अधिकारी सांगेल, "झाडांची सावली शंभरात दहा भागसुद्धा नाही, म्हणून आमच्या नकाशात हे जंगल नाही." आणि साऱ्या जगाच्या जंगलांचा हिशेब रोममध्ये बसून जमवणारा कारकून सांगेल, "आमच्याकडे याला 'इतर जमीन' असे नाव आहे."

चौघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. तरी उत्तरे चार तऱ्हेची. असे का झाले, याची हकिकत मी सांगणार आहे. ती हकिकत जंगलाची आहे तितकीच ती रकान्यांची आहे.

पहिल्याने रोमची गोष्ट सांगतो, कारण हल्ली आपल्या कानांवर पडणारे मोठमोठे आकडे तिथून येतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९४५ साली स्थापन झाली. युद्धाने उद्ध्वस्त झालेली घरे बांधायला लाकूड हवे होते. जगात लाकूड आहे किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. म्हणून संघटनेने देशोदेशी प्रश्नावली पाठवली आणि १९४८ साली जगाच्या जंगलांचा पहिला तक्ता छापला. तेव्हापासून हे काम चालूच आहे. २०२५ सालच्या अहवालात जगाचे जंगल ४१४ कोटी हेक्टर भरले, म्हणजे एकूण जमिनीच्या सुमारे ३२ टक्के. त्यात भारताचा क्रमांक नववा लागला.

आता हा तक्ता कागदावर छापून कपाटात ठेवत नाहीत. तो संगणकात असतो. तुम्ही देशाचे नाव निवडलेत की त्या देशाचे पान समोर उभे राहते: जंगल किती, नैसर्गिक किती, लावलेले किती, राखीव किती. गंमत अशी की, ते पान आधीपासून लिहून ठेवलेले नसते. तुम्ही मागता तेव्हा ते तयार होते. हे कसे, असे विचाराल तर आपल्याच गावचे उदाहरण देतो. सातबाराचा उतारा आपण मागतो. 'उतारा' या शब्दातच सगळे आले आहे. मूळ नोंद दप्तरात एकदाच असते; ज्याला हवा त्याला, हव्या त्या गटाचा भाग उतरवून देतात. नोंदीत फेरफार झाला की पुढचा उतारा आपोआप बदललेला मिळतो. रोमच्या पानांचे तसेच आहे. मूळ कोठारात प्रत्येक आकडा एकदाच ठेवतात आणि देशाचे पान म्हणजे त्या कोठाराचा उतारा.

दोनशेहून अधिक देशांचा आणि प्रदेशांचा हिशेब असा एका जागी ठेवायचा, तर एक अट पाळावीच लागते. सर्वांचे रकाने सारखे हवेत. एका देशाने 'जंगल' म्हणजे वनखात्याची मालमत्ता म्हणायचे, दुसऱ्याने दाट झाडी म्हणायचे, तिसऱ्याने लाकूड देणारी जमीन म्हणायचे, तर बेरीज कशाची करणार? शेर, मण आणि गज यांची बेरीज होत नाही. म्हणून रकान्याच्या माथ्यावर एक व्याख्या लिहिली: अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, पाच मीटरपेक्षा उंच होणारी किंवा होऊ शकणारी झाडे, आणि त्यांचे छत्र शेकडा दहाच्या वर. शिवाय तिचा मुख्य उपयोग शेतीचा किंवा वस्तीचा नसावा. ही एकच व्याख्या सगळ्या देशांना लागू झाली ती २००० सालच्या मोजणीपासून. त्याआधी पुढारलेल्या देशांसाठी शेकडा वीसची अट होती. अट वीसवरून दहावर आली आणि ऑस्ट्रेलियाचे जंगल कागदावर सुमारे चार कोटी हेक्टरांवरून पंधरा कोटींच्या वर गेले. एवढी झाडे तिथे कोणी लावली नव्हती. बदलला होता तो रकान्याचा मथळा.

ही परदेशाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही हेच घडले आहे. डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८१ साली सुरू झाली आणि १९८७ पासून ती साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या जंगलांचा अहवाल काढते. १९९९ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते. २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत अडतीस हजार चौरस किलोमीटरांची भर! कारण असे की, त्या खेपेला सगळ्या देशाची मोजणी प्रथमच संगणकावर झाली आणि एक हेक्टराएवढे लहान तुकडेही दिसू लागले. पूर्वी पंचवीस हेक्टरांखालचे तुकडे चाळणीतून गळून जात. चाळणी बारीक झाली, दाणे वाढले. यात लबाडी नाही. पण वर्तमानपत्रात नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटायचे की देशात रान माजले.

असो. रकान्याचा हा खेळ संगणकाने आणला असे मात्र समजू नका. तो आपल्या शिरूर-दौंडच्या भूमीवर फार जुना आहे. त्यासाठी दोनशे वर्षे मागे जाऊ.

मराठेशाहीत भीमेच्या दोन्ही तीरांचा हा माळ रिकामा समजला जात नसे. भीमथडीची तट्टे मुलूखभर प्रसिद्ध होती. अंगाने लहान, पण काटक. कमी दाणावैरणीवर लांबची मजल मारणारी. मराठ्यांचे घोडदळ त्यांच्या पाठीवरून हिंदुस्थानभर फिरले. ती तट्टे याच गवतावर वाढली. सरकारी गवताची राखीव रानेही असत, त्यांना कुरणे म्हणत. कुरण राखणे हे सरकारचे मोठे काम होते, कारण ज्याचे गवत त्याचे घोडे आणि ज्याचे घोडे त्याचे राज्य. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांनी आपली छावणी घातली तीही याच मुलखात. १८१७ च्या अखेरीस कोरेगावच्या लढाईत सापडलेली फौज शिरूरहून निघालेली होती.

पेशवाई १८१८ साली बुडाली. कंपनी सरकारला आता सारा हवा होता आणि साऱ्यासाठी जमिनीचे मोजमाप. पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. त्याने प्रत्येक जमिनीचे उत्पन्न, त्यातून वजा जाणारा खर्च आणि उरणारा नफा यांचे बारीक हिशेब मांडले. कागदावर तक्ता देखणा होता. पण मूळ नोंदी खालच्या नोकरांनी केल्या होत्या, त्यांत चुका होत्या आणि लाचलुचपतही होती. सारा अव्वाच्या सव्वा बसला. शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, कित्येक गाव सोडून गेले.

हे पाहून १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी दौंडच्या शेजारच्याच इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. त्यांनी नफ्याचा हिशेब सोडला. मातीत काठी घालून खोली पाहायची, रंग पाहायचा, दोष टिपायचे आणि जमिनीला आणे द्यायचे. काळ्या जमिनीची खोली पावणेदोन हात भरली की सोळा आणे. तिथून खाली उतरत उतरत एकंदर नऊ प्रती. ही पद्धत समजायला सोपी होती. १८४७ साली तिचे नियम एका संयुक्त अहवालात बांधले गेले आणि पुढे मुंबई इलाखाभर तीच चालली. आपले सर्व्हे नंबर तिथले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची आणेवारी तिथली.

पद्धत चांगली होती, यात वाद नाही. पण तिच्या रकान्यांकडे नीट पाहा. तिथे जमिनीला एकच प्रश्न विचारलेला आहे: तू पिकतेस किती? जी पिकते तिला आणे मिळाले. जी पिकत नाही ती पड, खराबा, फार तर गुरांसाठी सोडलेले गायरान. ज्या गवतावर मराठ्यांचे घोडदळ पोसले, त्या गवताला सोळा आण्यांच्या मापात जागाच नव्हती. पुढे तर घोड्यांचे दिवसही सरले. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली, १८६० मध्ये ती दौंडवरून सोलापूरला पोहोचली. गवताची सरकारदरबारी किंमत उतरली ती उतरलीच. धनगराच्या आणि गवळ्याच्या लेखी ती होती तेवढीच राहिली. पण त्यांचा रकाना कोणी आखला नव्हता.

त्याच १८४७ साली आणखी एक गोष्ट घडली. दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांना मुंबई इलाख्याचे जंगल-संरक्षक नेमले गेले. झाडे तुटत होती. जहाजांना सागवान हवे होते, पुढे रेल्वेला जळण आणि स्लीपर हवे झाले. गिब्सनना झाडतोडीची काळजी मनापासून होती. डोंगर उघडे पडले तर झरे आटतील, हे ते सरकारला पुन्हापुन्हा लिहीत असत. तेव्हा जंगल राखण्याची कल्पना वाईट नव्हती. पण राखायचे म्हणजे आधी ठरवायचे, की जंगल कोणते. १८६५ साली पहिला कायदा आला, १८७८ साली दुसरा. या दुसऱ्या कायद्याने दोन मोठे वर्ग केले: राखीव आणि संरक्षित. फरक थोडक्यात सांगायचा तर असा. संरक्षित वनात ज्याला मनाई केलेली नाही ते सारे करता येते. राखीव वनात ज्याला परवानगी दिलेली नाही ते काहीच करता येत नाही.

आता बघा, 'जंगल' शब्दाचा अर्थ इथे पालटला. लोकांच्या बोलण्यात जंगल म्हणजे झाडी. कायद्यात जंगल म्हणजे सरकारने जाहीर केलेली हद्द. त्या हद्दीत झाड असो वा नसो. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत झाडी मुळात विरळच होती. नदीकाठची बाभूळबने काय ती थोडी दाट. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरात या बाभूळबनांचा उल्लेख जंगलांतच केलेला सापडतो. बाभळीचे लाकूड नांगराला, गाडीला, जळणाला लागे, शेंगा शेळ्यांना. बाभूळबनांच्या जोडीने चराईची गवताळ रानेही वनखात्याच्या हद्दीत जात राहिली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या गोष्टीवर कडक टीका आहे. डोंगर आणि गायराने जंगलखात्यात घातली, शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. पुण्याच्या या माणसाने, लक्षात घ्या, झाडांविरुद्ध लिहिलेले नाही. एका रकान्यातून जमीन दुसऱ्यात गेली आणि तिच्यावर जगणाऱ्याला कोणी विचारले नाही, याविरुद्ध ते लिहिले आहे.

देश स्वतंत्र झाला तरी हे रकाने राहिले. उलट वाढले. महाराष्ट्राने १९७५ साली खाजगी वनांचा कायदा केला. केंद्राने १९८० साली वन संवर्धनाचा कायदा केला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितले, की 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा, आणि सरकारी दप्तरात ज्या जमिनीची नोंद वन म्हणून आहे तीही, मालक कोणी असो, वनच समजावी. म्हणजे झाडी हेही वन आणि कागद हेही वन! दोन्ही मार्गांनी संरक्षण वाढावे असा त्यामागे चांगला हेतू होता. पण मोजणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आता दोन जंगले उभी राहिली. एक दप्तरातले, एक आभाळातून दिसणारे.

आकडे पाहा. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे नोंदलेले वनक्षेत्र सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर आहे. त्याच अहवालात वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर आहे. कोणी म्हणेल, अकरा हजार चौरस किलोमीटर जंगल तुटले. तसे नव्हे. पन्नास हजारांतले कितीतरी आच्छादन वनखात्याच्या हद्दीबाहेर आहे, आणि बासष्ट हजारांतल्या कितीतरी जमिनीवर दाट झाडी नाही, काही ठिकाणी कधी नव्हतीच. आमचा माळ या दुसऱ्या प्रकारातला.

आभाळातल्या डोळ्याची रीतही समजून घेऊ. २००१ पासून देशभर वापरात आलेल्या उपग्रह-चित्रांतला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. त्या ठिपक्यात हिरवेपणा किती, यावरून झाडांचे छत्र ठरवतात. शेकडा सत्तरच्या वर असले तर फार दाट, चाळीस ते सत्तर मध्यम, दहा ते चाळीस विरळ. दहाच्या खाली खुरटे रान, आणि ते वनाच्छादनात धरत नाहीत. मालक कोण, झाड कोणते, हे डोळा विचारत नाही. आंब्याची बाग असो, निलगिरीची लागवड असो, एक हेक्टर भरली आणि छत्र दहाच्या वर असले की ती आच्छादनात जमा.

शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली तुम्हांला माहीत असेल. चिंचांची जुनी झाडे आणि अंगणात फिरणारे मोर, यांसाठी पुण्याकडची मंडळी तिथे मुद्दाम जातात. आता त्या चिंचा बांधांवर आणि शेतांत आहेत. कायद्याच्या रकान्यात ते जंगल नाही. डेहराडूनच्या डोळ्याला एखादा दाट पुंजका हेक्टरभर सापडला, तर तो वनाच्छादनात जाईल. रोमच्या व्याख्येत जमिनीचा मुख्य उपयोग शेतीचा, म्हणून पुन्हा जंगल नाही. मोराला यातले काही ठाऊक नाही. त्याला चिंच पुरते.

उसाची गंमत तर याहून मोठी. आभाळातून दाट ऊस आणि दाट झुडूप यांचा रंग कधीकधी सारखाच दिसतो. वन सर्वेक्षणाच्या अहवालातच आपल्या पद्धतीच्या मर्यादा प्रामाणिकपणे दिलेल्या असतात. त्यांत उसासारखी दाट पिके जंगलालगत असली तर घोटाळा होऊ शकतो, हेही सांगितलेले आहे. म्हणून प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळा घ्यावा लागतो. ही चूक यंत्राची म्हणून सोडून देता येईल. पण बिबट्याचे काय? जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. धरणे झाली, कालवे आले, कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला, आणि गेल्या तीस वर्षांत बिबट्या त्या उसात राहू लागला. तिथेच त्याची पिले जन्मतात. गावाच्या कडेला कुत्री, शेळ्या मिळतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या बाजूला माणसे दगावली, लहान मुलेसुद्धा. लोक संतापून रस्त्यावर उतरले. जंगलाचे जनावर, वनखात्याच्या ताब्यातले. पण त्याचे घर कोणत्याही तक्त्यात जंगल नाही. ऊस शेतीच्या रकान्यात, बिबट्या वनाच्या रकान्यात, आणि रात्री पाणी धरायला जाणारा शेतकरी दोन्हींच्या मधल्या रेघेवर.

आता पुन्हा माळावर येऊ. दौंडच्या दक्षिणेला, हद्द ओलांडून बारामती तालुक्यात सुपे लागते. तिथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. ते राखले आहे चिंकारा हरणासाठी. चिंकाऱ्याला दाट झाडी नको असते. त्याला उघडा माळ हवा, लांबवर दिसले पाहिजे. लांडग्याचेही तसेच. माळटिटवीचे, धाविकाचे, चंडोलाचेही तसेच. ही जनावरे आणि पाखरे माळाची आहेत, जशी शेकरू भीमाशंकरची. आणि आमच्या तक्त्यांत हा माळ काय आहे? सारेवाल्यांच्या तक्त्यात पड. वनाच्छादनाच्या तक्त्यात खुरटे रान किंवा काहीच नाही. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली निघाला, त्यात खुरट्या झुडपांची अशी जमीन 'पडीक' या मथळ्याखाली आहे. रोमला 'इतर जमीन'. फार झाले तर, झुडपे थोडी दाट असली, तर 'इतर काष्ठमय जमीन' नावाचा एक रकाना तिथे आहे. त्यात काही तुकडे बसतात. निव्वळ गवत तिथेही बसत नाही.

तुम्ही म्हणाल, नाव काहीही असो, माळाचे त्यात बिघडते काय? बिघडते, ते असे. ज्या जमिनीच्या नावापुढे 'पडीक' लिहिले आहे, ती कोणालाही रिकामी वाटते. कारखान्याला जागा हवी, माळ आहे. कचरा टाकायला जागा हवी, माळ आहे. झाडे लावायची आहेत, माळच आहे! महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत अनुक्रमे चार, तेरा आणि तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प झाले. झाड लावणे हे पुण्यकर्म, त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण पाचशे मिलिमीटर पावसाच्या गवताळ रानात खड्डे खणून गिरिपुष्प किंवा निलगिरी लावली, तर तगलेल्या झाडांखाली गवत खुरटते, मेंढ्यांची चराई जाते, चिंकारा निघून जातो. आणि सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे तक्त्यात प्रगती दिसते. काल जिथे शून्य होते, तिथे आज विरळ जंगल. देशाच्या पानावरचा आकडा एका कणाने वर सरकतो. माळ गेला, याची वजाबाकी मात्र कोणत्याच पानावर होत नाही. जमेला रकाना आहे, खर्चाला नाही.

उलट बाजूही ऐका. रोमच्या व्याख्येप्रमाणे जंगल पार तोडून टाकले, पण तिथे पुन्हा झाडे वाढायची आहेत असे ठरले असेल, तर ती उघडीबोडकी जमीन जंगलच धरतात. त्याला कारण आहे. लाकडासाठी फेरपालटाने तोड करणाऱ्या देशांचा हिशेब दर वर्षी खालीवर होऊ नये. व्याख्या म्हणून ते ठीकच. पण एक बुंध्यांचे शेत जंगल ठरते आणि हजारो वर्षे आपल्या जागी असलेला माळ ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग हे तक्ते टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. उलट, ते नसते तर १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगात सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल तोडले जाऊन दुसऱ्या उपयोगात गेले, हे आपल्याला कळले नसते. एकेका देशाने आपापल्या सोयीने सांगितले असते, "आमच्याकडे सगळं ठीक आहे." एक व्याख्या, सारखे रकाने आणि सर्वांना दिसणारे पान, यामुळे लपवाछपवी अवघड झाली आहे. रोमला प्रत्येक देशाने आपले मूळ वर्ग आधी जसेच्या तसे सांगायचे असतात आणि मग ते जगाच्या रकान्यांत कसे बसवले तेही दाखवायचे असते. ही रीत फार मोलाची आहे. प्रिंगलच्या तक्त्यात हेच नव्हते. वरचा हिशेब चोख, पण खालून आलेली नोंद खरी की खोटी, हे वरून दिसण्याची सोय नव्हती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काठी मातीत घालून ती सोय केली.

तेव्हा काठी मातीत घालण्याचे काम आपल्याकडेच येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे वर्ष म्हणून ठरवले. यानिमित्ताने तरी आपल्या गावात एक काम करता येईल. ग्रामपंचायतीच्या दप्तरात गायरान किती, वनखात्याकडे किती, त्यांतले प्रत्यक्ष गवत किती, आणि तिथे कोणाची किती मेंढरे-गुरे कोणत्या महिन्यात चरतात, हे लिहून काढावे. कुसळी कुठे, मारवेल कुठे, पवन्या कुठे उरला आहे, हे गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाइतके कोणाला सांगता येणार नाही. गावात जैवविविधतेची नोंदवही ठेवण्याची तरतूद २००२ च्या कायद्याने केलेलीच आहे. त्या वहीत माळाला एक पान द्यावे, आणि त्याच्या माथ्यावर 'पडीक' न लिहिता 'माळ' असे लिहावे. झाडे लावायची वेळ आली म्हणजे हे पान ग्रामसभेपुढे ठेवावे. नाला, बांध, रस्त्याची कड, शाळेचे आवार, जुनी नदीकाठची बाभूळबने, अशा जागा झाडांना पुष्कळ आहेत.

आणि आकडा वाचताना, मग तो तालुक्याचा असो वा देशाचा, तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मोजले काय? मोजले केव्हा? मोजले कोणी? या तिन्हींची उत्तरे आकड्याशेजारी नसतील, तर तो आकडा म्हणजे सही-शिक्क्याशिवायचा उतारा समजावा. तो कोर्टात चालत नाही. आपल्याही मनात चालू देऊ नये.

पुढच्या खेपेला पाटस मागे पडून गाडी दौंडला येईल, तेव्हा माळाकडे पाहा. भाद्रपद-अश्विन असेल तर गवत कमरेएवढे असेल आणि त्यात कळपामागून एखादा धनगर चालताना दिसेल. शेजारच्या प्रवाशाने विचारले, "ही एवढी पडीक जमीन कोणाची हो?" तर त्याला तुम्ही काय सांगाल, याचा विचार आतापासून करून ठेवा.